वासावरचं मीठ

आबा,

रविवार आहे, सकाळचे अकरा वाजायला आलेत, मटण शिजवलेलं अळणी पाणी गॅसवर रटरटतंय आणि मला त्याचा वास येत नाही. आजचाच नाही, तीन महिने झाले, कशाचाच येत नाही. साधा ताप आला होता. चार दिवसांत उतरला आणि जाताना नाक घेऊन गेला. जिभेचंही तसंच. मीठ आहे एवढं कळतं, किती आहे ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू परत, नाहीही येणार, वाट बघा. वाट बघण्याचे पैसे मात्र त्यांनी घेतले! घरात मी हे कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, मुलाला नाही, सुनेला तर अजिबातच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, तुम्ही कुठं बोलणार नाही. आणि खरं सांगायचं तर हे नाकाचं निमित्त आहे. तुम्हाला मी चुलीपुढनं उठवलं त्या दिवसाबद्दल मला बोलायचंय.

पण आधी माझी फजिती ऐका, तुम्हाला मजा वाटेल. पहिल्या आठवड्यात खोबरं भाजायला ठेवून मी इथंच भाजी निवडत बसले होते, पाठ गॅसकडं. शेजारीण ओरडत आली, "अगं, काय पेटवलंस काय?" बघते तर कढईत निव्वळ कोळसा. म्हटलं, फोनवर होते. दुसऱ्या दिवशी नासलेल्या दुधाचा चहा केला, तो फाटल्यावर कळलं. आमटीला हिंग दोनदा पडला आणि मुलानं ताट बाजूला सारून विचारलं, "आई, दवाखान्यात जेवतोय असं का वाटतंय?" मग मी सुधारले. आता मी कानानं स्वयंपाक करते. कांद्यातलं पाणी आटलं की कढईचा आवाज बदलतो, हे मला ह्या वयात कळलं. लसणाची कड कधी लाल होते ते बघायला चष्मा लावून कढईवर वाकते. वर्षाची चटणीसुद्धा ह्या उन्हाळ्यात डोळ्यांनीच केली. मिरच्या भाजताना ठसका लागायचा तेवढा लागला, वास नाही. डंकावर चटणी कुटून देणारी बाई म्हणाली, "वयनी, रंग काय आलाय!" मी मान डोलावली. त्या चटणीचा डबा उघडून रोज नाक खुपसते, अजून काही नाही.

बाकी सगळं जमतं, रस्सा जमत नाही. कारण रस्सा मी तुमच्याकडून शिकले आणि तुम्ही चाखायचाच नाहीत. उभी हयात फौंड्रीच्या धुरात गेली तुमची, पण नाक काय होतं! रविवारी सकाळी स्वतः दुकानात उभं राहून नळी, चाप, चरबी सगळं मनासारखं तोडून घ्यायचं, आईनं वाटण वाटून द्यायचं, आणि मग बनियनवर तुम्ही चुलीपुढं. पातेल्यावर वाकून हातानं वाफ नाकाकडं ओढायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "अर्धा चमचा आजून." झालं! पेठेत कुणाच्याही घरी मोठं पातेलं चढलं की तुम्हाला बोलवणं यायचं, नुसती वाफ बघायला. मी बारा वर्षांची असेन, तुम्ही पान खायला बाहेर गेला होता, मी पळीनं रस्सा चाखला आणि पळी तशीच परत पातेल्यात घातली. नेमके तुम्ही दारात. "उष्टं केलंस? आता सगळ्या घरानं तुझं उष्टं खायाचं व्हय?" आवाज असा की आई हातातलं टाकून आली. मग जरा शांत झाल्यावर मला पातेल्याजवळ ओढलंत, माझे डोळे तुमच्या हातानं मिटलेत आणि म्हणालात, "चाखून काय, कुणीबी करील. वास घे. मीठ कमी आसंल तर वास मोकळा येतोय, भरला की जड येतोय." त्या दिवशी मला काही कळलं नाही, पण कळलं असं मी सांगितलं. पुढं दोन-तीन वर्षांत खरंच कळायला लागलं. तेव्हापासून आपल्या घरात रस्सा कुणी चाखला नाही.

आई गेल्यावर तुम्ही माझ्याकडं राहायला आलात ते अटीवर आलात. जावयाच्या घरी फुकट बसून खाणार नाही, रविवारचं मटण माझं. ह्यांनी हसून हो म्हटलं, पण मला ठाऊक होतं, तुम्हाला त्या घरात ताठ मानेनं राहायला तेवढी एकच जागा होती. सहा दिवस तुम्ही पाहुण्यासारखे राहायचात. चहा मागायचासुद्धा संकोच. रविवारी मात्र सकाळपासून तुमचा आवाज घरभर, "खोबरं कुठं ठेवलंय? खसखस कुणी संपिवली?" मी आतून चिडायची आणि मला बरंही वाटायचं. मग मधूनच मीठ पुढं-मागं व्हायला लागलं. एकदा अगदी सपक, एकदा खारट. हे म्हणाले, "आज आबांचा हात सैल पडला." मी म्हटलं, होतं कधी कधी. तुम्हाला कुणी काही बोललं नाही.

आणि मग तो रविवार. माझ्या लेकीची पसंती झालेली, पुढचं बोलायला पुण्याहून सहा माणसं जेवायला येणार. मटण खाणारी होती म्हणून तुम्ही भलतेच खूश. "पुण्याच्या मान्सास्नी दाखवू या की, रस्सा कशाला म्हंत्यात!" पहाटेपासून उठून बसला होता. मी मात्र घाबरले होते. एकुलती एक लेक, चांगलं स्थळ, कुठं काही उणं पडायला नको. ताटं मांडायची गडबड चालली होती आणि तुम्ही आतून हाक मारलीत. मी आले तर तुम्ही एका वाटीत रस्सा काढून माझ्यापुढं धरला. "जरा बघ ग." मी वाटीकडं बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, "आबा, तुमचं कधी चुकलंय काय? पावणं बसलेत, पाट द्या इकडं." आणि गेले. थोड्या वेळानं परत हाक आली, तेव्हा मी ओ दिली आणि आलेच नाही.

पंगत बसली. नवऱ्यामुलाच्या वडिलांनी तांबड्या रश्श्याचा एक घोट घेतला, दुसरा घेतला, खोकले, घटाघटा पाणी प्याले आणि वाटी बाजूला सरकवली. मी आत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तुम्हाला म्हणाले, "घातलंत ना मीठ डबल? पोरीच्या नशिबाशी खेळताय काय? हात गेलाय तुमचा, आबा. आजपास्नं चुलीपुढं यायचं न्हाय." गॅस बारीक केलात, पळी ताटलीत ठेवलीत, हात धुतलेत. सदरा घालून बाहेर जाऊन बसलात आणि पुण्याच्या पाहुण्यांना गगनबावड्याच्या पावसाच्या गमती सांगत राहिलात. ते हसत होते, मी आत तांबड्यात उकळतं पाणी ओतत होते.

तुम्ही घरात परत कधी रस्सा केला नाहीत. मटण आणायला जायचात, पिशवी ओट्यावर ठेवायचात आणि बाहेर पेपर घेऊन बसायचात. मला वाटायचं, राग आहे, जाईल. एखाद्या रविवारी स्वतःच उठून येतील आणि मला बाजूला सारतील. तुम्ही आला नाहीत आणि मी बोलावलं नाही. मी कशाला बोलावू? चूक तुमची होती ना! दोन वर्षं माझ्या हातचा रस्सा खाऊन दर रविवारी म्हणायचात, "नाद खुळा झालाय." मला वाटायचं, टोमणा मारताय.

मागच्या रविवारी मटणाच्या रांगेत तुमचे दोस्त भेटले, रस्सा मंडळातले, तुमच्याबरोबर पन्हाळ्याच्या रानात पातेली घेऊन जायचे ते काका. आता काठी टेकत येतात, पण मटण स्वतःच घेतात. त्यांना म्हटलं, काका, तुमच्यापुढं काय लपवायचं, माझं नाक गेलंय, वासच येत नाही. ते काठीवर हात ठेवून हसायला लागले. "बापावर गेलीस की ग!" मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणतात, "तुला म्हाईत न्हवतं व्हय? त्येचं नाक गेलतं की! शेवटची दोन-चार वर्सं. जिभंलाबी धड कळंना. मला म्हणला, पोरीला बोलू नगंस, ती मला चुलीपुढं हुबं करायची न्हाय." मी विचारलं, मग मंडळात रस्सा कोण करत होतं? "त्योच की! मी नुस्ता चाखायचो. वाटी घिऊन झाडामागं जायचो आन् तिथनं मान हालवायचो. एकदा हालवली तर मीठ पायजे, दोनदा हालवली तर बास. बाकीच्यास्नी वाटायचं, म्हाताऱ्याला सारखी लागती!" रांगेतली माणसं हसली, मीही हसले. मग काठी दुसऱ्या हातात घेऊन ते म्हणाले, "तुला सांगणार हुता त्यो. तुझ्याकडं पुण्याचं पावणं येणार हुतं न्हवं, त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणला, उद्या पोरीलाच चाखाय लावतो, कळंल तिला. सांगितलं आसंल की." मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते मी त्यांना? माझा नंबर आला, दुकानदारानं विचारलं, वयनी, किती देऊ, आणि मला आठवेना किती घ्यायचंय ते.

आठ दिवस तीच वाटी डोळ्यांपुढं आहे, आबा. आयुष्यभर ज्या माणसानं कुणाला रस्सा चाखू दिला नाही, तो वाटी पुढं धरतोय, आणि मला त्यात काही वेगळं वाटू नये? मी एवढी कशी आंधळी? तुम्ही दोनदा बोलावलंत. तिसऱ्यांदा बोलवायला पाहिजे होतं, ओरडायला पाहिजे होतं, पेठेत तर तुमचा आवाज चार घरं पलीकडं जायचा. पण ते जावयाचं घर होतं. तुमच्यावर चिडतेय बघा अजून. सवय आहे.

हे लिहिता लिहिता मधे उठले होते. मीठ घालायची वेळ झाली होती. सून बाहेर फोनवर बँकेतल्या कुणाशी तरी बोलत होती. मी दारात उभी राहिले, हाक मारावी की नको, असं चार वेळा झालं. सांगितलं की ही उद्यापासून ओटा ताब्यात घेणार, प्रेमानंच घेणार, 'आई, तुम्ही बसा' म्हणणार, आणि मग मी पेपर घेऊन कुठं बसू? शेवटी म्हटलं, "जरा ये ग. मला वास येत नाही. तीन महिने झाले. चाखून बघ." तिनं फोन ठेवला. "तीन महिने? आणि सांगितलं नाहीत?" एवढंच म्हणाली, तळहातावर थेंब घेतला, जीभ लावली. "कमी आहे, आई. अजून एक चमचा." मी घातलं. तिनं परत घेतलं, "आता झालं." आणि फोन उचलून बाहेर गेली. अर्धं मिनिट गेलं असेल. तुम्ही माझ्याकडं तेवढंच मागत होता.

आता एक राहिलंय, तेही लिहून टाकते. त्या दिवशीचा रस्सा मी चाखला नव्हता. वाटी धरलीत तेव्हा नाही, पाणी ओतण्याआधी नाही, ओतल्यावरही नाही. आपल्या घरात कोण चाखतं? व्याही खोकले, पाणी प्याले, एवढंच मी बघितलं आणि मीठच जास्त झालं, असं ठरवून मोकळी झाले. पुण्याचा माणूस, पहिल्यांदाच आपला तांबडा खात होता, तिखटानंही खोकला असेल. हे माझ्या डोक्यात आज आलेलं नाही. तुमच्या तेराव्याच्या दिवशीच आलं होतं, व्याही समोर बसून जेवत असताना. तेव्हापासून दर दिवाळीला भेट होते, फोन असतो, माणूस मोकळा आहे, विचारलं तर खरं ते सांगतील. मी विचारलेलं नाही.