घागरीवरचं नाव

आई,

तुझ्या तांदळाच्या कोठीला मी भोकं पाडली त्याला आता पंचवीसेक वर्षं होतील. ती कोठी अजून पडवीत लोखंडी पायांवर आडवी पडून आहे. गंज काढून घ्यायला नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतं, हा बॉयलर आहे का? मी सांगतो, ही माझ्या आईची कोठी. लोक हसतात. तू असतीस तर तिच्यात किती तांदूळ मावायचा ते ऐकवून त्यांना गप्प केलं असतंस.

मुरबाडच्या एमआयडीसीत मला नोकरीला लागून तेव्हा वर्ष झालं होतं. कारखान्यात एक पेटी होती. आत गंजका भाग ठेवायचा, भोकांतल्या रबरी हातमोज्यांत हात घालायचे आणि काचेतून बघत हवेच्या जोरावर वाळूचा फवारा मारायचा. गंज, जुना रंग, सगळं साफ. मला त्या पेटीचं वेडच लागलं. त्यात शहापूरच्या भंगारवाल्याकडे एक मोडकी मोटारसायकल मिळाली. तिचा सांगाडा एसटीच्या टपावर आणि बाकीची गाडी दोन गोणींत घालून मी घरी आणली. कंडक्टरने गोणीला पाय लावून विचारलं, "कोंबड्या हायेत का?" अंगणात गोणी रिकामी केली तेव्हा तू म्हणालीस, "हिला चालवायची का पुरायची?" मग मी तुझी कोठी मागितली, कारण घट्ट झाकणाचं एवढं मोठं पत्र्याचं दुसरं काहीच घरात नव्हतं. "कोठीला भोकां पाडणार? माझ्या डोक्यालाच पाड ना," म्हणालीस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर तांदूळ गोणींत भरलेला आणि कोठी धुऊन अंगणात उन्हाला ठेवलेली. त्या गोणी पुढे उंदरांनी फोडल्या, ते तू मला दहा वर्षं ऐकवलंस आणि त्यात तुझं काही चुकलं नाही.

कोठी आडवी केली, पोटाला हातांसाठी दोन भोकं पाडली, वर काच बसवली. काच माझ्या आयटीआयच्या सर्टिफिकेटच्या फ्रेमची होती. सर्टिफिकेट तेव्हापासून उघडंच आहे. कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याचा जुना, मिनिटभर फुंकून पाच मिनिटं धापा टाकणारा. वाळू नदीची. पहिल्या दिवशी मी हात आत घातले, बटण दाबलं, एकदा फुस्स झालं आणि संपलं. ओली वाळू नळीत घट्ट बसली होती. मी नळी साफ करतोय, पुन्हा तुंबतेय, असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तू चुलीपुढूनच ओरडलीस, "ओल्या वाळूत फुटाणे तरी फुटतील का रे? आण हिकडं ती!" मोठी कढई चढवून तू वाळू खरपूस भाजलीस, पिठाच्या चाळणीने चाळलीस आणि माझ्यासमोर परातीत ठेवलीस, जणू जेवायलाच वाढतेयस. त्या वाळूने गाडीचा मडगार्ड असा निघाला की आपण दोघं एकमेकांकडे बघत बसलो. धुरळा बघून तू माझ्या नाकातोंडाला ओला पंचा बांधलास. ती वाळू छातीत बसते हे मला फार उशिरा कळलं, आता मी वाळूऐवजी काचेचा बारीक दाणा वापरतो.

तिथेच थांबायला हवं होतं. पण तू विहिरीवर सांगून आलीस, माझ्या पोराकडं मशीन हाय, आणि दुपारी चारपाच बाया बघायला आल्या. त्यांच्या पुढ्यात तू तुझी पितळी घागर आणून ठेवलीस. "चिंच घासून हात गेले माझे. घाल हिला." मलाही फुशारकी चढली होती. घातली. बाहेर आली ती मातकट, निस्तेज. चकाकी पार गेली होती. तू नुसतं घागरीच्या गळ्यावरून बोट फिरवलंस, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि विचारलंस, "नाव कुठंय रे?"

डोळखांबहून लग्नात आलेली घागर. गळ्यावर तुझं माहेरचं नाव ठोकलेलं, घासून घासून आधीच पुसट झालेलं. लग्नात तुझं नाव बदललं, मामा तुला बाय म्हणायचा, आम्ही आई. ते नाव जगात फक्त त्या घागरीवर होतं. तुला वाचता येत नव्हतं, पण रोज चिंच पहिल्यांदा तिथेच फिरायची. बाया निघून गेल्यावर तू म्हणालीस, "होतं तेच नाव पुन्हा घालून आण." मी घागर घेऊन मुरबाडला भांड्यांच्या दुकानात गेलो, आणि दुकानाच्या पायरीवर मला उमगलं की ते नाव मला माहीतच नाही. जन्मभर घागर बघितली, नाव एकदाही वाचलं नाही. घरी परत येऊन आईला तिचं नाव विचारायचं कसं, याची लाज वाटत मी उभा होतो, तेवढ्यात नाव घालणारा खेकसला, "नाव सांगा, नाव!" कुणी असं विचारलं की माणूस आपलंच सांगतो. मी सांगितलं. थांबा म्हणेपर्यंत त्याचं मशीन फिरलंसुद्धा.

घरी तू बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "आता कसं बरं वाटतं." मी गाडीचा एक नट शोधायला वाकलो. पुढे सात वर्षं तू रोज माझंच नाव घासलंस, आई. ताईच्या लग्नात ती घागर तिच्या हातात देऊन म्हणालीस, "माझ्या नावाची हाय, जप." ताईने वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "हो गो आई, तुझंच." तेव्हापासून तिच्या घरचा बिघडलेला प्रत्येक पंखा आणि मिक्सर मी निमूट दुरुस्त करतो.

तू गेल्यावर मामाला विचारलं. दाखल्यासाठी लागतं अशी थाप मारली. किती छान नाव होतं गं तुझं.

गेल्या रविवारी ताई घागर घेऊन आली. "हे पूस आणि आता तरी खरं नाव घालून आण," म्हणाली, आणि घागर इथेच ठेवून गेली. मी ती कोठीत ठेवली, दिवा लावला, मोज्यांत हात घातले. काचेतून बघितलं तर माझ्या नावाचं पहिलं अक्षर जवळजवळ गेलेलं. तुझ्या चिंचेने गेलेलं. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, पण बटण दाबता आलं नाही.

ताईला फोन करून सांगितलं की कॉम्प्रेसर बिघडलाय. बिघडलेला नाही.