मुसक्याची गाठ

१२ ऑगस्ट १९७४, दिवेलागण

दुष्काळात छावणीवर सरकारी गवताच्या गठाणी यायच्या. त्यांची सुतळी लोक फेकायचे, मी उचलायचो. तिची बाज विणली, शिंकं केलं, दावी वळली. कोळपताना बैलांनी पिकाला तोंड लावू नये म्हणून परवा दोन मुसकीही विणली. गावानं वाखाणली. तेच डोक्यात गेलं.

आज दुपारी कोळपणी उरकून बैल गोठ्यात बांधले, पुढं वैरण टाकली आणि शेजाऱ्याला मुसकं विणायला शिकवायला निघालो. नमुन्याला एकाच बैलाचं काढून नेलं. दुसरं? दुसरं जोडीतल्या चांद्याच्या तोंडाला तसंच.

दिवस कलता परतलो. बायकोही तेव्हाच खुरपून आली. गोठ्यातूनच ओरडली, "अवो, चांद्याचं मुसकं काहून न्हाई काढलं? मुकं जनावर उपाशी उभं हाय की!"

जोडीचा बैल पोटभर खाऊन रवंथ करून राहिला होता. चांद्या मुसक्यासकट वैरणीत तोंड खुपसून उभा. सुतळी लाळेनं चिंब. ओली गाठ काही केल्या सुटेना. मीच मारलेली, पक्की. शेवटी विळ्यानं कापली. त्यानं पाण्याच्या बादलीत तोंड घातलं ते वर काढीना.

आता लिहिताना खिशात काहीतरी ओलं लागलं. पाहतो तर कापलेल्या सुतळीचे तुकडे.

म्हणजे तो पाणी पीत होता, तेव्हा मी खाली वाकून हे वेचत होतो?