समोरचा भाव

रविवार, १२ जून

ती. ताईंस शि. सा. नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नका, कपडे वाळत घालायला खालीच दोरी बांधून घ्या. माझी तब्येत ठीक आहे. तुम्ही दटावलंत तेव्हापासून वेळेवर जेवते. एकटीपुरता स्वयंपाक अजून नीट जमत नाही, भाजी उरतेच.

आधी चांगली बातमी सांगते. दुकान बंद करावं लागणार नाही. तुम्ही फोनवर दर वेळी विचारायचात आणि मी "बरं चाललंय" म्हणून विषय बदलायचे, ते तुमच्या लक्षात आलंच असणार. बरं चाललेलं नव्हतं. ह्यांच्या माघारी थोडा माल शिल्लक होता. तो पडून राहिला असता तर गाळा सोडावा लागला असता. आता तो जवळजवळ संपला आहे. कसा संपला ते फोनवर सांगता आलं नसतं. मला बोलताना मध्येच थांबायची सवय आहे, आणि मी थांबले की तुम्हाला वाटतं मी रडते आहे.

तुमच्या दोघा भावांचं भांडण तुम्ही लांबून पाहिलंत. एवढ्याशा खेळण्यावरून भाऊ वेगळे होतात का, असं तुम्ही एकदा चिडून विचारलं होतं. होतात, ताई. एका दुकानात दोन कंपन्यांची टीव्हीला जोडायची गेमची मशीन होती, एकीचं काळं, दुसरीचं पांढरं, तोवर रोज वाद. ह्यांचं म्हणणं, गिऱ्हाईक भाव बघतं. मशीन जवळजवळ खरेदीच्या भावात द्यायचं आणि कमाई पुढे गेमवर करायची. कंपन्यासुद्धा तेच करतात. भाऊजींचं म्हणणं, मुलं भाव बघत नाहीत, मित्राच्या घरी कुठलं मशीन आहे ते बघतात. हवा तो गेम ज्या मशीनवर चालतो ते महाग असलं तरी बापाला घ्यावंच लागतं, मग आपण कशाला स्वस्त करायचं? मला विचाराल तर दोघांचंही बरोबर होतं. पण मला कुणी विचारलं नाही. शेवटी भाऊजी पांढरं मशीन घेऊन रस्त्यापलीकडे गेले, काळं ह्यांच्याकडे राहिलं.

बोलणं बंद झालं, तरी रोज सकाळी समोरचा फळा वाचल्याशिवाय ह्यांचा चहा घशाखाली उतरत नसे. हे खडूने भाव लिहायचे. तासाभरात समोरचा आकडा बदलायचा. हे थोडं उतरवायचे, ते थोडं उतरवायचे. एकदा दोघांनी ईर्षेपोटी भाव इतका पाडला की मागच्या गल्लीतला दुकानदार दोघांकडूनही मशीन विकत घेऊन आपल्या दुकानात नफ्यात विकत बसला. मला हसू आलं. हे म्हणाले, "हस तू. दुकान माझं बुडतंय, तुला काय!" आणि फळा पुसायला बाहेर गेले.

वर मी "थोडा माल" असं लिहिलं आहे. ते तसंच ठेवून पत्र संपवावं असं मघाशी वाटलं होतं.

थोडा नव्हता, ताई. दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी छताला लागली होती. उरलेली खोकी घरी आणली होती. ह्यांच्या आजारपणात तुम्ही आलात तेव्हा मी तुम्हाला आतल्या खोलीत नेलं नाही, पसारा आहे म्हटलं. आत पलंग ठेवायलासुद्धा जागा उरली नव्हती. आम्ही दोघं बाहेर गाद्या टाकून झोपत होतो. तुम्ही म्हणालात, "बाहेर हवा चांगली लागते, नाही?" हे म्हणाले, "हो, फार छान." आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

झालं होतं असं. भाऊजी सुट्ट्यांच्या तोंडावर भाव पाडणार, अशी ह्यांना खात्री होती. त्यांच्याआधी आपण पाडायचा, म्हणून कंपनीची घाऊक सूट घेऊन एकदम माल उचलला. असा घेतलेला माल कंपनी परत घेत नाही. मी म्हटलं, समोर तर काहीच हालचाल नाही. हे म्हणाले, "तू त्याला ओळखत नाहीस. गप्प बसलाय म्हणजे काहीतरी शिजतंय." काही शिजत नव्हतं. सुट्ट्या आल्या, गेल्या. समोरचा आकडा जागचा हलला नाही. हे मात्र समोर कुणी लढत नसताना आपला भाव उतरवत राहिले, आणि मग आजारी पडले.

ते गेल्यावर मी दुकान उघडलं, त्याच सुमारास काळ्या मशीनच्या कंपनीने नवं मशीन जाहीर केलं. नवं येतंय म्हटलं की जुन्याची मागणी बसते. ज्याला परवडतं तो थांबतो, आणि ज्याला परवडत नाही तोही, अजून उतरेल या आशेने. त्याच महिन्यात पांढऱ्या मशीनच्या कंपनीने आपला भाव चांगलाच खाली आणला. आता समोरचा फळा बदलला की आपलं संपलं, हे मला कळत होतं. रोज सकाळी मी शटर वर करायचे आणि समोर बघायचं टाळायचे.

पण फळा बदलला नाही. उलट माझ्याकडे गिऱ्हाईक यायला लागलं. एक बाई दोन लहान मुलींना घेऊन आल्या. म्हणाल्या, "समोरच्यांनी पाठवलं. म्हणाले, मुली लहान आहेत, नव्या मशीनसाठी कशाला थांबता? जुन्या काळ्यावर ढीगभर गेम आहेत, तेही स्वस्तात." मला वाटलं, घासाघीस करणारं गिऱ्हाईक त्यांनी माझ्या गळ्यात मारलं. पण त्या बाईंनी घासाघीस केली नाही. मग एक आजोबा आले. मग एक जोडपं. सगळे रस्ता ओलांडून.

परवा कंपनीचा सेल्समन आला. चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, तुमच्या दिरांना एकदा डॉक्टरला दाखवा."

"का हो?"

"सगळ्या बाजारात पांढऱ्याचा भाव उतरलाय. यांच्या फळ्यावर जुनाच! गिऱ्हाईक आत येतं, आकडा वाचतं, बाहेर पडतं. हे आपले खुर्चीवर बसून तुमच्या दुकानाकडे बोट दाखवतायत."

मी त्याला बिलाचे पैसे मोजून दिले की नाही ते आठवत नाही. शटर अर्धं ओढलं आणि रस्ता ओलांडला. इतक्या वर्षांत त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. आत भाऊजी आणि धाकटी जाऊ, दोघंही होती. मला बघून भाऊजी उभे राहिले आणि त्यांना बसावं की उभं राहावं ते कळेना.

मी म्हटलं, "भाऊजी, भाव का उतरवला नाहीत?"

"मागणी आहे," म्हणाले. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

"कुणाची?"

"खडू संपला होता, वहिनी."

आतून जाऊ म्हणाली, "खडू संपला म्हणे! माळ्यावर चार डबे पडलेत. खोटं तरी नीट बोला."

मग भाऊजी बसले. म्हणाले, "रस्त्यापलीकडून टेम्पो रिकामे होताना दिसतात, वहिनी. सुट्ट्यांच्या आधी तुमच्याकडे माल उतरत होता, उतरतच होता. मी हिला म्हटलं, दादा चुकतोय. त्याला जाऊन सांगतो की, मला कुणाशी आता लढायचं नाही, हा एवढा माल उचलू नकोस."

"मग आला का नाहीत?"

"मी सांगितलं असतं तर त्यानं दुप्पट उचलला असता."

ताई, मला हसू फुटलं. कारण ते अगदी खरं होतं. भाऊजीही हसले, जाऊ तर चहा सांडेपर्यंत हसली. हे गेल्यापासून मी पहिल्यांदा मोठ्याने हसले, आणि ते हसणं ह्यांच्यावरच होतं. नंतर वाईट वाटेल अशी भीती होती. वाटलं नाही.

मी भाऊजींना बजावलं आहे की उद्याच्या उद्या भाव उतरवा, माझा माल खपावा म्हणून थांबू नका, तुमचंही घर आहे. माझी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी खोकी राहिली आहेत, ती कशीही जातील. नवं काळं मशीन मी ठेवणार नाही. ते आणि पांढरं, दोन्ही भाऊजीच ठेवतील. मी जुने गेम विकत घेईन, विकेन, आणि बिघडलेले कंट्रोलर, खेळताना हातात धरतात ते, दुरुस्त करून देईन. ते मी ह्यांच्याकडून शिकले होते. गेम स्वस्तात मिळतात म्हटलं की आईबाप मशीन घ्यायला फार आढेवेढे घेत नाहीत, म्हणजे त्यात भाऊजींचाही फायदा. काल त्यांनी माझ्याकडे पहिला कंट्रोलर पाठवला. त्यातून बिस्किटाचा इतका चुरा निघाला की पुन्हा एक बिस्किट झालं असतं.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. हे चुकले. तुमच्या भावाची हुशारी तुम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचात, म्हणून मी हे तुमच्यापासून झाकून ठेवलं. त्यांच्या माघारी त्यांना कमीपणा नको, असं वाटत होतं. पण भेटायला येणारा जो तो "असा माणूस होणे नाही" म्हणून गेला, आणि मला त्यात माझा नवरा सापडेना. हट्टी, समोरच्या फळ्याकडे चोरून बघणारा, भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेणारा. तो ह्या चुकीत मला परत सापडला आहे. तुम्हीही त्याला तसाच ठेवा.

आणि एक काम करा. भाऊजींना फोन करा. नुसतं तब्येतपाणी विचारून ठेवू नका, दादाचं बोला, तुम्ही तिघं लहान होतात तेव्हाचं. हे गेले त्या दिवशी भाऊजी आपल्या दुकानाच्या दारात उभे राहिले, आमच्याकडे आत आले नाहीत. इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतर रडायला यायचा आपल्याला हक्क आहे की नाही, हे त्यांना ठरवता आलं नसावं. माझ्यासमोर ते अजूनही खडूवरच बोलतात. तुम्ही थोरल्या आहात, तुमच्याजवळ ते रडू शकतील. त्यांना थोडा वेळ लागला तर तुम्ही फोन धरून थांबा.

तुमची,
आता दोन्ही दुकानांची
थोरली वहिनी