रायफलीच्या नळीतला बोळा

आबा, तुमची रायफल मी गेल्या उन्हाळ्यात उघडली. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, परवानाही माझ्या नावावर झाला, त्यामुळे तिला हात लावायला आता कुणाला विचारावं लागत नाही. दर खंडेनवमीला तुम्ही तिच्यावर हळद-कुंकू थापून नारळाचं पाणी शिंपडायचात आणि तसंच वाळू द्यायचात. पुसलं तर पूजा मोडते म्हणे. त्या भक्तीनं लोखंडाला खड्डे पडले, तेव्हा त्यावर दाराचा उरलेला काळा ऑइलपेंट फासलात. इतका अडाणीपणा इतक्या रुबाबात करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

नव्वदच्या दशकात मी शिरोलीच्या कारखान्यात लेथवर लागलो, तेव्हा एकदा म्हणालो, द्या, साफ करून देतो. पाहुण्यांनी भरलेल्या सोप्यात तुम्ही माझा हात झटकलात. "हत्यार हाय ते, तुझ्या कारखान्यातला नटबोल्ट न्हवं." सगळे हसले. मग राधानगरीकडच्या रानात तुम्ही मारलेल्या डुकराची गोष्ट सुरू झाली. ते डुक्कर दर वर्षी थोडं वाढत होतं.

तर मी रंग खरवडला, सुटे भाग रॉकेलमध्ये भिजवले, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळलं. कित्येक रविवार त्यात गेले. नळीत गज घातला तर तो मध्येच अडला. ठोकून ठोकून बाहेर आला तो चिंधीचा काळाकुट्ट बोळा, आत हिरवा काठ. आईनं लगेच ओळखला. ते तिचं लुगडं, माझ्या जन्माआधीच फाटलेलं. रायफल घरी आली तेव्हा नळीत कुंभारमाशी घर करील म्हणून तुम्हीच तो कोंबला होता.

"तवापासनं काढलाच न्हाय की," आई म्हणाली. "दिवाळीला फटाका वाजला तरी कानात बोटं घालायचे."

मी पोटभर हसलो. ज्या डुकराच्या जोरावर तुम्ही मला चारचौघांत नेभळट ठरवलंत, ते कधी मेलंच नव्हतं. तुमची कीव आली नाही, किळस आली.

मग ठरवलं, तुम्हाला जमलं नाही ते आपण करायचं. काडतुसं घेऊन मळ्यात गेलो. पुढचं फक्त तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही. बांधाच्या मातीवर नेम धरला, चापावर बोट ठेवलं आणि डोळे गच्च मिटले, पण चाप काही ओढवेना. बराच वेळ तसाच उभा राहिलो. शेवटी काडतूस काढून खिशात टाकलं आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, झाडली का?

"झाडली की," मी म्हणालो. "आवाज उचगावापतोर गेला असंल."