सासूबाईंची तिसरी चूल

रविवार, १२ नोव्हेंबर

ती. ताईंना धाकटीचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. फोन केला की भाऊजी उचलतात आणि "नंतर कर" म्हणून ठेवून देतात, म्हणून शेवटी कागद घेतला. आम्ही बरे आहोत. अकराव्या मजल्यावर पाणी अजून धड चढत नाही आणि लिफ्ट तिच्या मर्जीने येते. आपल्या लेकीची परीक्षा झाली का? वेणी कोण घालतं तिची? तुमच्या हाताला मुळातच घाई, ती ओरडत असेल.

सासूबाईंची खोली मी एकटीनेच आवरली. सामान कसलं, दोन लुगडी आणि तो स्टोव्ह. त्या गेल्याचं तुम्हाला कळलंय, निरोप भाऊजींना त्याच दिवशी मिळाला होता.

स्टोव्ह बघून मला तुमचं हसू आठवलं. वस्ती उठवून घरं द्यायची म्हणून खात्याने आधी छपरं मोजली, मग नवे साहेब आले आणि त्यांनी चूल धरली. ज्याची चूल वेगळी त्याला घर वेगळं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आपल्या वस्तीत तर घरात दोन-दोन उगवल्या! सख्खे भाऊ एकमेकांच्या नावाने बोटं मोडायला लागले. आपणही मध्ये प्लायवूड ठोकलं आणि भांडणाची तालीम केली. तुम्हाला काही जमेना, शिवी देता देता तोंडात पदर कोंबून हसायचात. सासूबाई तुमच्याकडे जेवतात असं सांगायचं ठरलं होतं.

साहेबांनी विचारलं, "आजी, तुम्ही कोणाकडे?"

सासूबाईंनी पलंगाखालून रॉकेलचा स्टोव्ह ओढला. "कोणाकडे नाही. दोघींनी टाकलंय मला. माझं मीच शिजवते." आणि खरंखुरं रडल्या! साहेब गेल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, तिसरं घर आणलं. नातीला होईल." आपण पोट दुखेपर्यंत हसलो होतो.

घरं मिळाली. तुमचं शहराच्या एका टोकाला, आमचं दुसऱ्या. आणि सासूबाई कागदावर निराधार, म्हणून त्यांना एकट्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत खोली. ती नातीला होत नाही, माणूस गेलं की खातं परत घेतं. मग धोरणाने पुन्हा कूस बदलली आणि पडताळणी निघाली. चुली खोट्या निघाल्या तर सगळ्यांचीच घरं जाणार. सासूबाईंकडे कोणी फिरकायचं नाही, असं भाऊजींनी ठरवून टाकलं.

मी जायचे. जुनी शेजारीण म्हणून. पहारेकऱ्याला ऐकू जावं म्हणून त्या मोठ्याने विचारायच्या, "तुझं नाव काय गं म्हणालीस?" दार लावलं की माझा हात धरून बसायच्या. दर वेळी विचारायच्या, "थोरली का येत नाही?" तुमचे गुडघे दुखतात असं मी सांगायचे. दर वेळी तेच.

गेल्या तेव्हा इमारतीच्या कारकुनाने शेजारणीलाच, म्हणजे मला, फोन केला. नातेवाईक नसतील तर खातं सगळं उरकेल म्हणाला. भाऊजी यांना म्हणाले, "गप्प बस. मेलेल्याला काय कळतंय? जिवंत माणसांच्या डोक्यावरचं छप्पर जाईल." हे भिंतीकडे बघत बसले. भाऊजींचं खोटं नव्हतं, ताई. म्हणूनच जास्त किळस आली.

मी गेले. चादर आखूड होती, पाय उघडे होते. अंगठ्याला मागच्या भेटीत मीच बांधलेली चिंधी तशीच होती.

"तुम्ही कोण?" कारकुनाने विचारलं.

शेजारीण जिभेवर आली होती. मी म्हटलं, "सून. धाकटी."

"म्हणजे थोरलीही आहे?"

"आहे. आम्ही सगळे एकाच चुलीवर जेवायचो."

त्याने पेन खाली ठेवलं. "बाई, काय बोलताय ते कळतंय ना? मी ऐकलं नाही असं करू का?"

"ऐका," मी म्हटलं. आणि सासूबाईंना घेऊन आले.

नोटीस दोन्ही घरांना येईल. तुमच्या लेकीच्या डोक्यावरचं छप्पर मी घालवलं, तेव्हा शिव्या द्या, आता न हसता जमतील. तुम्ही आला नाहीत म्हणून मी घरावर राग काढला असं तुम्हाला वाटेल. थोडा काढलाच आहे. पण एवढी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला बेवारस म्हणून जाऊ द्यायचं, एवढं मोठं घर खात्याने मला दिलेलं नाही.

स्टोव्ह घासून ठेवलाय. हवा असेल तर स्वतः या. आता शेजारीण म्हणून यायची गरज नाही.

तुमची, आणि आता सरकारदरबारीही तुमचीच,
धाकटी जाऊ