तिसऱ्यांदा तीच दरी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळून बारा दिवस झाले. माझी तब्येत ठीक आहे, खोकला गेला. भावोजींच्या गुडघ्याचं वाचलं. त्यांना म्हणावं, जिने चढायची हौस आता पुरे. गेमचा नवा भाग नुकताच बाहेर पडलाय, सगळ्यांचं मान मोडून काम चाललंय, म्हणून उत्तराला उशीर झाला. असं मी तुला नेहमीच लिहितो, पण या वेळी ते कारण नाही. तुझ्या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हेच सुचत नव्हतं.

आधी माझं काम सांगतो, कारण तुला ते कधी नीट सांगितलंच नाही. आमच्या गेममध्ये लाखो लोक एकाच वेळी फिरतात. दर तीन वर्षांनी त्यांना नवा भाग द्यावा लागतो, आणि नव्या भागात नवे प्रदेश. डोंगर, वाटा, घरं मांडायचं काम माझ्याकडे. पण नवं करायला वेळ कोणाला आहे? मग पहिल्या भागातली दरी उचलायची, आरशात दिसते तशी उलटी करायची आणि वर बर्फ पसरायचा. झाला नवा प्रदेश. यंदा तीच दरी तिसऱ्यांदा वापरली, जळलेली करून. खेळणारे काय आंधळे आहेत? ते आम्हाला विचारतात, पुढच्या खेपेला कोणता रंग देणार? साहेब म्हणतात, लोकांना ओळखीचं आवडतं. आकाशं रंगवणारी एक सहकारी आहे, तिला आम्ही आभाळवाली म्हणतो. तिचं म्हणणं, लोकांचं देव जाणे, साहेबांना मात्र फार आवडतं.

हसायला येतं खरं, पण ताई, सात वर्षं मी त्याच दरीत आहे. सकाळी बिनखिडकीच्या खोलीत शिरायचं आणि तोच ओढा कधी डावीकडून, कधी उजवीकडून सोडायचा. एकेका दगडाची जागा मला पाठ आहे. कोंडल्यासारखं होतं. सोडून जावं म्हटलं तर दुसरं काही येत नाही.

आता तुझा प्रश्न. तुझी चिंगी खेळत होती, तू मागे कपड्यांच्या घड्या घालत होतीस, आणि पडद्यावर तुला आपलं स्वयंपाकघर दिसलं. खिडकी उलट्या बाजूला होती, पण टेबलाच्या पायाखाली तोच घडी घातलेला पुठ्ठा, कपाटाच्या दाराला मूठ म्हणून बांधलेली तीच सुतळी. खिडकीशी खुर्चीत एक बाई. ती उठली, "आलास? हात धुऊन ये," म्हणाली, आणि चिंगीने तिला तलवारीने मारलं. दहा मिनिटांनी ती पुन्हा खुर्चीत. तू लिहिलंस, "ती आई आहे का, एवढंच सांग."

हो. आईच आहे.

चिंगीला रागावू नकोस, चूक माझी आहे. ते घर मी पहिल्या दरीत एका कड्यामागे बांधलं होतं, तिथे कोणाला जाताच येऊ नये असं. साहेबांनाही ठाऊक नव्हतं. दरी उचलली की आत लपवलेलं सगळं बरोबर येतं. बर्फाच्या वेळी घर आलं, पण पुढे कडा होता. यंदा नवी वाट काढायला मी तो कडा पाडला. मग दरीतली सगळी माणसं एकदम निवडली आणि एका फटक्यात त्यांची भुतं केली. त्या सगळ्यांत ती होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नवा भाग बाहेर पडल्यापासून ती दिवसातून शेकडो वेळा मरत होती, आणि दर वेळी आधी विचारत होती, आलास?

तिला काढून टाकणं एका मिनिटाचं काम आहे. दुरुस्त्यांच्या यादीत ते माझ्याच नावावर आहे. रोज ते उघडत होतो आणि बंद करत होतो. ठेवली तर लोक मारतात, काढली तर माझी वाट बघणारं कुणीच उरत नाही.

ते घर कधी बांधलं, हे तू विचारलं नाहीस, पण हिशेब तू करशीलच. आई अंथरुणाला खिळली होती, त्या शेवटच्या तीन आठवड्यांत. तू रोज फोन करायचीस आणि मी म्हणायचो, रजा देत नाहीत. ताई, मी रजा मागितलीच नव्हती. आई आजारी आहे हेसुद्धा साहेबांना माहीत नव्हतं. तिला तशी बघायची मला भीती वाटत होती. म्हणून मी तिला खुर्चीतून उठून चालणारी केली आणि तिच्या तोंडी ते वाक्य घातलं. तिकडे तू तिची कूस बदलत होतीस आणि इकडे मी पुठ्ठ्याला घडी पाडत होतो. पुढे तू नातेवाइकांना सांगत राहिलीस की त्याची कंपनीच निर्दयी आहे. मी ते ऐकून घेत राहिलो. मला त्याची फार लाज वाटते.

काल दुपारी कडा परत उभा केला आणि वाट बाजूने वळवली. ती आत आहे. आता तिच्यापर्यंत कोणी पोचत नाही, मीही नाही. ते झालं आणि तसाच उठून साहेबांकडे गेलो.

आईचं घर महिनाअखेर रिकामं करायचंय, हवं ते येऊन घेऊन जा, असं तू लिहिलंस. येईन असं मी लिहीत नाही. तो शब्द वापरून वापरून मी गुळगुळीत केलाय. तेवढा टेबलाखालचा पुठ्ठा फेकू नकोस. सोबत रजेच्या अर्जाची प्रत जोडली आहे. खाली माझी सही आहे, साहेबांची जागा रिकामी आहे. या घाईत ते सोडतील असं वाटत नाही, अर्ज न वाचताच त्यांनी कागदांखाली सरकवला. इथे लागल्यापासूनचा माझा हा पहिला अर्ज.

त्यामुळे रजा मिळाली नाही असं या वेळी कळवलं, तर ते खरं असेल.

तुझा खोटारडा धाकटा