माझ्या माणसांची यादी

शनिवार, ६ सप्टेंबर. दुपारी १ वाजून २० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. याच वेळी, तुर्सुनोयच्या ओसरीवर, खरबुजाची दुसरी फोड हातात असताना, शोइराने माझी पाळी रद्द केली. इथे कोकंदमध्ये उझ्बेक बायकांच्या ठरलेल्या बैठकीला गप म्हणतात. आमच्या गपमध्ये एक शनिवार सोडून एक शनिवार, पाळीपाळीने एकेकीने दुपारचे जेवण घालायचे असते. पुढची पाळी माझी. शोइरा म्हणाली (मला सगळ्या ओपा, म्हणजे थोरली ताई, म्हणतात), "शालन-ओपा एकट्या बाई. कशाला त्यांना गाजरं चिरत बसवायचं? त्यांच्या वेळी आपण कॅफेत जाऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. शेजारच्या मुहाय्योनेसुद्धा.

माझा नवरा मिरकोमिल गेल्याला चार वर्षे झाली. गाजरे चिरायला तो कधीच मदत करत नव्हता.

संकल्प: यापुढे पाळी माणसे ठरवणार नाहीत. यंत्र ठरवील.

मंगळवार, ९ सप्टेंबर

संगणक केंद्रात नाव घातले. वर्गात सगळ्या विशीतल्या मुली, मला आया, म्हणजे आई, म्हणतात. आई कुणाची, ते विचारायचे नाही. शिकवणारी झरेमा, माझ्या निम्म्या वयाची. काय बनवायचंय, असे तिने विचारले. न्याय, असे मी सांगितले. तिने वहीत 'टेलिग्राम बॉट' लिहून घेतले.

गुरुवार, १८ सप्टेंबर

जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरे शिकलो. चौकटी कंस, आत स्वल्पविराम देऊन नावे. एवढेच आहे, उगाच बाऊ करतात. पहिलीला काढून शेवटी टाकता येते, मधलीच एखादी कापता येते.

झरेमाने एक गोष्ट तीनदा सांगितली. बरोबरचे चिन्ह देऊन यादीला दुसरे नाव दिले, तर दुसरी यादी तयार होत नाही. यादी तीच, नावे दोन. "एका घराला दोन दारं पाडली म्हणून दोन घरं होतात का, आया?" खरी कॉपी हवी असेल तर कंसात आधी तीन टिंबे द्यायची. मी लिहून घेतले नाही. कॉपी म्हणजे काय हे मला सिस्टर बर्नडीनने चार रेघी वहीत शिकवले आहे, हातावर पट्टी मारून.

शनिवार, २० सप्टेंबर

कॅफेत गेले नाही. डोके दुखते असे कळवले. कुणी बघायला आले नाही. मुहाय्यो आली, पण ती भिंतीपलीकडेच राहते, तिला मोजत नाही. लापशीसारखे काहीतरी आणले होते. बरे होते.

रविवार, २८ सप्टेंबर

बॉट तयार. दर पाळीच्या आदल्या दिवशी यादीतल्या प्रत्येकीच्या फोनवर निरोप जातो: उद्या अमकीकडे. पाळी झाली की ती आपोआप शेवटी जाते. क्रम असा: शोइरा, तुर्सुनोय, दोघी जावा (एकमेकींच्या, माझ्या नव्हेत; एकत्रच राहतात, एकत्रच बोलतात), मुहाय्यो, मी. स्वतःला शेवटी ठेवले, म्हणजे कुणी बोट दाखवायला नको.

घरोघर जाऊन प्रत्येकीच्या फोनवर सुरू करून दिला. तुर्सुनोय म्हणाली, "आता शालन-ओपांना विसरायची सोयच उरली नाही." कौतुकच असावे.

शनिवार, ४ ऑक्टोबर

शोइराकडे गप. सहाही जणी वेळेवर. यंत्राचा विजय.

जेवताना शोइरा म्हणाली, माझी उझ्बेक ऐकून तिला अजून रेडिओवरच्या बातम्या आठवतात. चाळीस वर्षे मी या गावात आहे. सगळ्या हसल्या. मीही हसले, शिष्टाचार म्हणून.

संध्याकाळी कोडमध्ये एक खासगी यादी केली. नाव 'माझी माणसं'. सबंध यादी तिच्यात घेतली आणि शोइराला कापले. मूळ यादी आहे तशी, गप आहे तशी. हे फक्त माझ्यासाठी, या रोजनिशीसारखेच. मराठीत लिहिते, कारण कोकंदमध्ये ती वाचणारे कुणी नाही. बाहेरही आता फारसे उरलेले नाही.

रात्री छान झोप लागली.

शनिवार, १८ ऑक्टोबर

तुर्सुनोयकडे. शोइरा आलीच नाही. बोलून गेल्यावर टोचले असणार. मी विचारले नाही. तुर्सुनोयनेही विचारले नाही, फक्त तिच्यासाठी मांडलेली चहाची पियाली उचलून आत नेली. इथे याला अंदिशा म्हणतात. समोरच्याला अवघडेल असे काही विचारायचे नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये यालाच चांगले वळण म्हणत.

तुर्सुनोयने विचारले, तुमचा मुलगा कझानहून कधी येणार? सगळ्यांसमोर. हे विचारताना मात्र अंदिशा आडवी आली नाही. 'माझी माणसं'मधून तुर्सुनोयला कापले.

शनिवार, १ नोव्हेंबर

दोघी जावांकडे. तुर्सुनोय नाही, शोइरा नाही. मोठी जाऊ म्हणाली, "हल्ली बायकांना जमत नाही." धाकटी म्हणाली, "जमत नाही हल्ली." माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी म्हटले, शिस्त नसेल तर कसे जमेल. मुहाय्योने मला टेबलाखाली पाय मारला.

तेल जास्त होते. दोघींनाही कापले. यादी चांगली आटोपशीर झाली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बॉटचा निरोप आला: उद्या मुहाय्योकडे. यंत्र बिनचूक आहे. माणसांचे काय ते माणसांनी बघावे.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुहाय्योकडे मी एकटीच. तिने सगळ्यांसाठी समसे केले होते. ताटात गार होत होते.

तिने चहा ओतला. म्हणाली, "ओपा, मला काही विचारायचं नाहीये." मी म्हटले, मग विचारू नकोस. ती म्हणाली, "नाहीच विचारत. पण शोइरा म्हणते, निरोप फक्त शालन-ओपांच्या लाडक्यांना येतो." मी म्हटले, यंत्राला लाडके नसतात. ती म्हणाली, "यंत्राला नसतील." मग थोड्या वेळाने, "ओपा, तुम्ही माणसाला एकदा खोडलं की खोडलं. मिरकोमिल-अकांच्या भावाशीसुद्धा तुम्ही अशाच." मी उठले. तिने समसे बांधून दिले. मी ते तिच्याच उंबऱ्यावर ठेवून आले.

घरी येऊन मुहाय्योला कापले. माफी मागितली की परत घालीन. एका ओळीचे तर काम आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

मुहाय्योने माफी मागितली नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

नाही. अंगण झाडताना दिसली. आधी माझ्या दारापुढचीही पाने गोळा करायची. आज रेघ मारल्यासारखी माझ्या हद्दीशी थांबली.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शनिवारी माझी पाळी. बॉट असताना कुणाला फोन करायची गरज नाही. लोक रुसोत की फुगोत, निरोप गेला की पाळी मोडत नाही, एवढी लाज या गावात आहे. सगळ्या येतील. पुलाव खातील. मग शोइराचे तोंड बघायचे.

तांदूळ देवझिरा. पिवळी गाजरे. मांस कोपऱ्यावरच्या खाटकाकडून, हाडासकट. भट्टीवाल्याला नान सांगितले.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

निरोप आला: उद्या शालन-ओपांकडे. दोन-तीनदा उघडून वाचला.

शनिवार, २९ नोव्हेंबर. सकाळी १०.

गाजरे चिरून झाली. एकटीने. शोइराने येऊन बघावीत, सगळ्या काड्या एकसारख्या.

दुपारी १२.

मांडले. पियाल्या, मनुका, नान. खाली मिरकोमिलच्या वेळचा मोठा दस्तरखान अंथरला. मधे घडीचा डाग आहे, त्यावर डाळिंबाची ताटली ठेवली.

साडेबारा.

इथे बायका उशिराच येतात.

दीड.

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. ही भिंत आमची सामाईक आहे, ताट ठेवले तरी ऐकू येते. शोइराचे हसणे ओळखता येते, कोंबडी उडाल्यासारखे. मग तुर्सुनोय. मग दोघी जावा, एकीमागे एक. मुहाय्यो म्हणाली, "हळू, हळू."

माझ्या पाळीच्या दिवशी. हा उघड कट आहे.

अडीच.

एक ताट वाढून घेतले. मीठ बरोबर पडले होते.

रविवार, ३० नोव्हेंबर

झरेमाला फोन केला. यंत्र सदोष आहे, पाचही बायकांनी निरोप धुडकावला, याचा खुलासा हवा. तिने कोड उघडून बघितला. मग म्हणाली, "आया, इथे तुम्ही 'माझी माणसं' बरोबर 'यादी' असं लिहिलंय. टिंबं नाहीत. यादी एकच आहे. तुम्ही तिकडून नाव कापलंत की इकडूनही गेलं. त्यांना निरोप गेलेच नाहीत. त्यांना वाटलं असेल, तुम्ही काढून टाकलंत."

मी विचारले, मग परवाचा निरोप किती जणींना गेला.

"एकीला," ती म्हणाली. "तुम्हालाच."

माझी चूक नाही. तीन टिंबांच्या आधारावर माणसे टिकवायची, ही कसली भाषा. मी तसे तिला सांगितले. ती म्हणाली, "हो, आया. जेवलात का?"

पाचही नावे परत घातली. टिंबे दिली. मग 'माझी माणसं' ही ओळच काढून टाकली, तिची आता गरज नाही.

निरोप मात्र पाठवला नाही. माझ्या यंत्राच्या निरोपावर त्या आता विश्वास ठेवणार नाहीत. जाऊन दार ठोठावण्याचा प्रश्नच येत नाही, मी मुहाय्योपेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. कागदावर लिहून भिंतीवरून देईन. उझ्बेकमध्ये चुकायला नको म्हणून आधी इथे मराठीत मसुदा.

श्रीमती मुहाय्यो यांस,

काल माझी पाळी होती व जेवण तयार होते. निरोप न मिळण्याचा जो प्रकार झाला, तो लिहिण्याच्या पद्धतीतील दोष आहे. तुमचे नाव काढण्याचा माझा हेतू नव्हता.

(शेवटचे वाक्य खोडले. पुन्हा लिहिले. खोडले.)

तुमचे नाव यादीत आहे. शोइरा, तुर्सुनोय व दोघी जावा यांचीही आहेत, तसे त्यांना सांगावे. पुलाव जवळजवळ सगळा उरला आहे. कढई फ्रिजमध्ये मावत नाही, आणि मला एकटीला उचलत नाही, दुसऱ्या कानाला कुणीतरी धरावे लागते. तेव्हा तुम्ही सगळ्या इकडे येणार, की एका बाजूने धरायला तुम्ही येऊन कढई तिकडे न्यायची, हे मला लेखी कळवावे. तोंडी उत्तर चालणार नाही, तोंडी बोलताना माझे काहीतरी बिघडते. उत्तर उद्या, सोमवार १ डिसेंबर, दुपारी बारापर्यंत मिळाले पाहिजे. त्यानंतर भात टिकणार नाही.